प्रयोगाचा खर्च कोणी सोसावा?

नाटक सादर होते त्या घटनेला मराठीत 'प्रयोग' म्हणतात, आणि हा शब्द फार नेमका आहे. ग्रंथालयात नाटकाचे पुस्तक कादंबरीशेजारी ठेवलेले असते आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही विचारले जातात. परंतु छापील संहिता म्हणजे नाटक नव्हे. नटांचे देह, त्यांचा आवाज, समोर बसलेला समुदाय आणि उभयतांनी एकत्र घालविलेले काही तास यांच्या संयोगातून नाटक जन्मते व पडदा पडताच संपते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा घडवावे लागते. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी वाचिकाचाच काही अंश कागदावर उतरू शकतो. याच ग्रंथाने नाट्याला पाचवा वेद म्हटले आणि तो सर्व वर्णांसाठी असल्याचे सांगितले. ज्यांना वेदश्रवणाचा अधिकार नव्हता, त्यांनाही या वेदाचे दार उघडे होते.

प्रयोगाचे हे सामर्थ्य राज्यकर्त्यांनी फार लवकर ओळखले. ब्रिटिश सरकारने १८७६ साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकात कीचकाच्या रूपाने प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला, तेव्हा १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी आली. साम्राज्य गेले, तरी संशय गेला नाही. महाराष्ट्रात आजही पुस्तक छापण्यास पूर्वपरवानगी लागत नाही. तेच पुस्तक रंगमंचावर आणावयाचे झाल्यास मात्र संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. एकट्याने वाचणाऱ्या माणसापेक्षा एकत्र बसून पाहणाऱ्या माणसांची सत्तेला अधिक धास्ती वाटते, असाच याचा अर्थ होय.

नाटकाचे प्रकार किती, या प्रश्नाचे उत्तर पंडितांनी अनेक परींनी दिले आहे. धनंजयाच्या 'दशरूपका'त नाटक, प्रकरण, भाण, प्रहसन इत्यादी दहा प्रकार येतात; पुढे शोकांतिका व सुखांतिका ही विभागणी रूढ झाली. अभ्यासकाला ही वर्गवारी उपयुक्त आहे. समाजवादी कार्यकर्त्याने मात्र आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : प्रयोगाचा खर्च कोण करतो आणि प्रेक्षक कोठे बसतो? या कसोटीवर निराळेच चित्र दिसते.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात दशावतार देवळाच्या जत्रेत रात्रभर चालतो. तेथे तिकीट नसते. खर्च गाव उचलते. आख्यान ठरलेले असते, संवाद नट तेथल्या तेथे रचतात. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, ही म्हण याच नटांविषयी रूढ झाली. तमाशाचा फड जत्रेची सुपारी घेतो किंवा तंबू ठोकून तिकीट लावतो. हंगामाच्या आरंभी फडमालक सावकाराकडून कर्ज काढतो, त्यातून कलावंतांना उचल देतो आणि ती फिटेपर्यंत कलावंत फडाशी बांधला जातो. नागर रंगभूमीचा आरंभ १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ने झाला, तो संस्थानिकांच्या आश्रयाने. चिंतामणराव पटवर्धनांच्या निधनानंतर तो आश्रय सरला आणि १८५३ मध्ये भाव्यांच्या मंडळीने मुंबईत तिकीट लावून खेळ केले. राजाच्या खजिन्यावर उभे असलेले नाटक तेव्हापासून बाजारावर उभे राहिले.

चौथा प्रकार चळवळीचा. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते स्वीकारले नाही. पुढे सव्वाशे वर्षे ते छापलेही गेले नाही. संहिता होती, पण तिला रंगमंच, पैसा आणि प्रेक्षक मिळवून देणारी कोणतीही व्यवस्था नव्हती. ती व्यवस्था पुढे सत्यशोधकांनी स्वतः उभारली. तमाशाचा परिचित साचा घेऊन त्यांचे जलसे खेड्यापाड्यांत गेले. त्यांच्या मागून आंबेडकरी जलसे आले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तोच साचा कामगार वस्तीत नेला. गणपतीच्या गणाच्या जागी मायभूमीचे वंदन आले आणि वगात गिरणी, सावकार व निवडणूक आली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने निळू फुले, राम नगरकर यांसारखे नट घडविले.

या चारही प्रकारांना एकच आर्थिक अडचण ग्रासते. बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली तिचे विवेचन केले. हातमागाच्या जागी यंत्रमाग आला की तेवढ्याच श्रमात कितीतरी अधिक कापड निघते. दहा नटांच्या दोन तासांच्या प्रयोगाला मात्र दहा नटांचे दोन तासच लागतात. तेथे यंत्र श्रम वाचवू शकत नाही. इतर क्षेत्रांत उत्पादकतेबरोबर वेतन वाढते, म्हणून प्रयोगाचा सापेक्ष खर्चही वाढत राहतो. मग तीनच वाटा उरतात. तिकीट महाग करून गरिबाला बाहेर ठेवावे, नटाला कमी द्यावे, किंवा समाजाने खर्चाचा वाटा उचलावा. पहिली वाट शहरी व्यावसायिक रंगभूमीने धरली आहे. तमाशाच्या वाट्याला दुसरी आली. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकर २००२ मध्ये हलाखीतच गेल्या. २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे महामारीमुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा उचल घेतलेल्यांचे काय झाले असेल याची कल्पना करता येते. कलावंताची गरिबी हेच त्या कलेचे अनुदान ठरले आहे.

तिसरी वाट हीच समाजवाद्यांची वाट असावयास हवी. नगरपालिकेचे नाट्यगृह लग्नसमारंभांवर न चालविता काही दिवस स्थानिक मंडळांना नाममात्र भाड्याने द्यावे, फडांना संस्थात्मक कर्ज मिळावे, कलावंतांना वृद्धापकाळाचे वेतन वेळेवर पोहोचावे, या मागण्या मोर्चाच्या निवेदनात असावयास हव्यात. ग्रंथालय लोकांच्या पैशाने चालावे हे ज्यांना पटते, त्यांना प्रयोगाविषयीही ते पटावे.

परंतु शासनाकडे बोट दाखविण्यापूर्वी पक्षांनी स्वतःकडेही पाहावे. सभेला गर्दी जमेपर्यंत कलापथकाने गावे आणि पुढारी येताच खाली उतरावे, ही रीत चळवळीत रुळली आहे. भाडे मिळते ते ध्वनिक्षेपकाला. नटाने त्याग करावा अशी अपेक्षा असते. कलेला असे राबविणारा पक्ष फडमालकापेक्षा वेगळा कसा?

१ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीलगतच्या साहिबाबादेत कामगार वस्तीत 'हल्ला बोल' हे पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री आणि सहकारी त्याच जागी परतले व अपुरा राहिलेला प्रयोग त्यांनी पुरा केला. नाटकाची संहिता छापून श्रद्धांजली वाहता आली असती. ते तेवढ्यावर थांबले नाहीत, कारण नाटक लोकांसमोर उभे राहूनच पुरे होते हे ते जाणत होते. अशा प्रयोगाला जागा आणि तो करणाऱ्याला भाकरी मिळवून देणे, हे चळवळीचे फावल्या वेळचे काम नव्हे.