प्रगतिपुस्तकाचा दुर्लक्षित रकाना
सत्र सरत आले, की शाळेच्या कचेरीत हजेरीपटांची गोळाबेरीज, गुणतक्त्यांची पडताळणी आणि सह्याशिक्के यांची जी एकच धांदल उडते, तिच्यातून बाहेर पडलेल्या प्रगतिपुस्तकात बहुतेक पालक पाहतात ती केवळ श्रेणी. परंतु २०१० साली शिक्षणहक्काचा कायदा अमलात आल्यावर महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची जी पद्धती अंगीकारली, तिच्यात विशेष प्रगती, आवड-छंद आणि आवश्यक सुधारणा यांविषयीच्या वर्णनात्मक नोंदींनाही स्थान दिलेले आहे, आणि माझ्या मते त्या पुस्तकातील खरा वाचनीय मजकूर तोच होय. आता हा मजकूर पुष्कळदा ठरावीक साच्यातला असतो, हे खरे. पण वर्गातील प्रत्येक मुलाविषयी निराळे लिहावयाचे, तेही कारकुनी कामांचा बोजा वाहत, हे काही सोपे नव्हे. त्याहून उपेक्षित रकाना उंची-वजनाचा. प्राथमिक वर्गातील मुलास शालेय पोषण आहारातून रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा दंडक सरकारनेच घातलेला असता, ज्या मुलाचे वजन जूनपासून वाढलेलेच नाही, त्याच्या गणितातील अधोगतीची मीमांसा आळस या एका शब्दात आटोपणे मला तरी अन्यायाचे वाटते. तेव्हा पालकहो, निकालाच्या दिवशी सही करण्यापूर्वी तो रकाना वाचा, आणि तो कोरा असल्यास वर्गशिक्षकांना त्याविषयी अवश्य विचारा.