कोठारातील दाणा

पश्चिम आफ्रिकेतील नायजर हा चवळीचा मोठा उत्पादक देश. तेथील शेतकऱ्याच्या अंगणात सुगीला चवळीची रास लागते. तरीही पुढच्या पावसाळ्यात त्याच घरात उपासमार शिरते. तिचे एक कारण कोठारात सापडते. भुंगा लागला की काही महिन्यांत दाण्यांची चाळण होते. त्या धास्तीने शेतकरी सुगीतच पडेल त्या भावाने माल विकतो आणि टंचाईच्या दिवसांत तेच धान्य चढ्या भावाने घेतो.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांनी कॅमेरूनमध्ये यावर साधा उपाय शोधला. आत प्लास्टिकची दोन अस्तरे, बाहेर विणलेले पोते. तोंडे घट्ट बांधली की आतील प्राणवायू कमी होतो आणि किडीची वाढ खुंटते. धान्यात औषध मिसळावे लागत नाही. माल टिकला, म्हणजे विक्रीची वेळ शेतकऱ्याच्या हाती येते.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ७३ कोटी लोक भुकेले होते. पिकवणे हे शेतीचे अर्धे कार्य. पिकलेले जपणे हे उरलेले अर्धे. सुगीचा भाव आणि टंचाईचा भाव यांतील अंतर धान्याच्या पेढीवर बसणाऱ्यास चांगले ठाऊक असते. ते अंतर कोणाच्या ताटातून वजा होते, हेही त्याने ध्यानी ठेवावे.