डोहाळजेवण आणि परतीचं तिकीट

हिंजवडी आणि माण ही मुळशी तालुक्यातली गावं. तिथे आयटी पार्क आल्यापासून परदेशी प्रकल्पावर जाणं-येणं ही या भागात नवलाई राहिलेली नाही. त्या प्रवाशांत गर्भवतीही असतात. पहिले महिने परदेशात, सातव्या महिन्याचं डोहाळजेवण इकडे माहेरी आणि बाळंतपणासाठी पुन्हा तिकडे, असा बेत अनेक घरांत ठरतो. चर्चा मात्र व्हिसा आणि विमान या दोनच गोष्टींभोवती फिरते.

व्हिसाची धास्ती किती टोकाला जाऊ शकते, ते गेल्या वर्षी दिसलं. आई-वडील तात्पुरत्या व्हिसावर असतील तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व नाकारणारा आदेश 20 जानेवारी 2025 रोजी निघाला. तो महिन्याभराने लागू होणार होता. काही भारतीय जोडपी त्याआधीच सिझेरियन करता येईल का, अशी विचारणा डॉक्टरांकडे करत असल्याच्या बातम्या आल्या. न्यायालयांनी आदेश लागू होण्याआधीच रोखला. पण 37 आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला श्वास घेणं, दूध ओढणं, अंगाची ऊब टिकवणं जड जाऊ शकतं. कागदासाठी बाळ आधी बाहेर काढणं हा वैद्यकीय निर्णय नव्हेच.

विमानाची भीती त्या मानाने जास्तच बाळगली जाते. गर्भारपण सुरळीत असेल आणि एकच बाळ असेल तर 37 आठवड्यांपर्यंत, जुळी असतील तर 32 आठवड्यांपर्यंत प्रवास चालतो, असं ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांची संस्था सांगते. अनेक विमान कंपन्या 28 आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि काहींची मर्यादा आणखी कडक असते. खरा धोका पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा. गरोदरपणात तो मुळातच वाढलेला असतो आणि तासन्‌तास बसून राहिल्याने त्यात भर पडते. म्हणून अधूनमधून चालायचं, पाणी पीत राहायचं, लागल्यास डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घालायचे.

काळजी वाटायला हवी ती दोन डॉक्टरांच्या मधल्या आठवड्यांची. डोहाळजेवणाचा सातवा महिना आणि तपासण्यांचा 24 ते 28 आठवड्यांचा काळ जवळजवळ एकच. गर्भारपणातल्या मधुमेहाची चाचणी याच वेळी होते. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन साधारण 28व्या आठवड्यात द्यायचं असतं. तिकडच्या दवाखान्याला वाटतं, बाई भारतात आहे, तिथे होईल. इकडे वाटतं, पंधरा दिवसांची पाहुणी आहे, तिचे डॉक्टर बघतील. दक्षिण आशियाई स्त्रियांना या मधुमेहाचा धोका जास्त, त्यामुळे ही चाचणी राहून जाणं परवडणारं नाही.

चाचणी झाली तरी कागदाची भाषा बदलते. आपल्याकडे 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर मोजतात, पोट रिकामं नसलं तरी चालतं, आणि 140 हा आकडा धोक्याचा. ब्रिटनमध्ये उपाशीपोटी बोलावतात आणि हाच आकडा 7.8 असा लिहितात, कारण मोजण्याचं एकक वेगळं. तिथे हिमोग्लोबिन 11 ऐवजी 110 दिसतं. लसींचंही तसंच. कार्डावर नुसतं ‘टीटी’ किंवा ‘टीडी’ असेल तर त्यात डांग्या खोकल्याची लस नाही. ब्रिटनमध्ये ती 16व्या आठवड्यापासून देतात, आणि 28व्या आठवड्यापासून नवजात बाळांच्या छातीच्या संसर्गाविरुद्धची आरएसव्ही लसही. तेव्हा सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगट, लसींची नावं आणि तारखा हातातल्या बॅगेत हव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अर्धा कापलेला फोटो तिथल्या सुईणीच्या काही कामाचा नाही.

हो, सुईणीच्याच. ब्रिटन, नेदरलँड्समध्ये साधं गर्भारपण प्रशिक्षित सुईण सांभाळते, डॉक्टर अडचण आली तरच. पुण्यात दर भेटीला डॉक्टर आणि वरचेवर सोनोग्राफी यांची सवय झालेल्या कुटुंबांना हे दुर्लक्ष वाटतं. ते तसं नाही, पण मनाची तयारी लागते.

त्याहून अवघड बाळंतपणानंतरचे दिवस. इथे सव्वा महिना मालीश, शेक, अळिवाचे लाडू आणि बाळाला घ्यायला चार हात असतात. तिकडे नवरा आठवड्या-दोन आठवड्यांत कामावर. नेदरलँड्समध्ये बाळंतिणीच्या घरी साधारण आठवडाभर प्रशिक्षित सेविका येते आणि ती मूलभूत आरोग्य विम्यात बसते, पण नाव गर्भारपणाच्या सुरुवातीलाच नोंदवावं लागतं. आई किंवा सासूबाई येणार असतील तर युरोपातल्या शेंगेन देशांच्या पर्यटन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. त्या बाळाच्या जन्माआधी दोन महिने पोहोचल्या तर नंतर हाताशी एकच महिना उरतो. प्रसूतीनंतरची उदासी नेमकी पहिल्या आठवड्यांत संपेल असं नाही, ती पुढच्या महिन्यांतही सुरू होऊ शकते. ती ओळखण्यासाठी 1987 पासून वापरात असलेली एडिंबरा प्रश्नावली फक्त दहा प्रश्नांची आहे. दुसऱ्या आजीचं तिकीट पहिली परतण्याच्या सुमाराचं काढता आलं तर बघावं.