डोक्यातली वीज

गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर मी नैराश्यावरच्या गोळ्या कुणालाही न विचारता बंद केल्या. 'पोरगं वेडाच्या गोळ्या खातं' असे गावात होऊ नये, एवढेच कारण. तिसऱ्या दिवशी वाचनालयात नजर एका बाजूकडून दुसरीकडे वळवली, की डोक्यात क्षणभर वीज चमकल्यासारखे होई. आईने बाहेरची बाधा समजून अंगारा लावला. मला वाटले, खरोखरच वेड लागले.

डॉक्टरांनी उलगडा केला. मी घेत होतो ते व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जाते. ते एकाएकी थांबवले की असे झटके, चक्कर, मळमळ होऊ शकते. फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस टिकते, म्हणून त्यात हा त्रास कमी. औषध सोडायचेच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो. मग हीच चोरून का? मला ते झटके माझ्या लाजेने दिले, असे मी आज म्हणतो. डॉक्टर दूर असतील तर २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली मानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. मित्रहो, गोळी बंद करण्याआधी तोंड उघडा.