"पाणी आमचं नाही!"

मंडळी, मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या सोसायट्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "गळती आमच्या बाथरूमची नाही!" खालच्यांच्या छताला ओल, रंगाचे पोपडे पडतायत, आणि वरचे म्हणतात, आमची लादी तर चकाचक आहे.

लादी असेल हो चकाचक. तिचे सांधे कधी बघितलेत?

टाइल्स निवडायला आपण चार दुकानं पालथी घालतो आणि सांधे भरायचं काम मात्र गवंड्याच्या व्हाइट सिमेंटवर सोडतो. ते सुकताना आकसतं, त्याला बारीक चिरा पडतात, आणि पाणीही शोषतं. वर डाग घालवायला आपण ॲसिड ओततो. ॲसिड डागाबरोबर सिमेंटही खातं, हे कोणी लक्षातच घेत नाही.

दुसरी हौस म्हणजे "जॉइंट दिसायलाच नकोत". मग लाद्या एकमेकींना चिकटवून बसवायच्या. फट दिसत नाही म्हणजे ती नसते असं थोडंच आहे? केसाएवढ्या फटीतूनही पाणी शिरतं, आणि भरायला जागा नसल्यामुळे ती कायमची उघडी राहते. त्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा आणि इपॉक्सी ग्राउट भरा. महाग पडतं खरं, पण ते पाणी जवळजवळ शोषत नाही. भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात मात्र सिलिकॉन हवं. तिथे थोडी हालचाल होतच असते, कडक ग्राउट तडकतं.

आता कोणी म्हणेल, खालचं वॉटरप्रूफिंगच गेलं असेल तर सांधे भरून काय होणार? बरोबर आहे, मग लादी उचलावीच लागते. नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवून बघा, खाली काय होतं ते कळेल. पण पहिलं दार उघडं टाकायचं हे काही कारण नव्हे. लादीखालच्या कोब्यात थेंबे थेंबे तळे साचतं. तेच पाणी स्लॅबमध्ये उतरलं की सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटचे तुकडे सुटतात. ते पडतात खालच्यांच्या डोक्यावर, आपल्या नव्हे!

आणि "सोसायटी बघेल" हे तर विसराच. आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीकडे. घरातल्या बाथरूमची दुरुस्ती ज्याची त्याने करायची.

खालच्या आजींनी बादली लावून बसायचं आणि आपण वर शॉवरखाली गाणी म्हणायची, ह्याला शेजारधर्म म्हणत नाहीत. पटत नसेल तर खुशाल भांडा माझ्याशी. फक्त आधी उठून आपल्या बाथरूमचे सांधे बघून या.