पाणी उतरते, तसे पक्षी उतरतात

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे घाटमाथ्यावर बरसून रिकाम्या झालेल्या ढगांच्या पलीकडच्या कोरड्या पट्ट्यात येतात आणि त्यामुळे येथे मोठी नैसर्गिक सरोवरे कधीच नव्हती. तरीही दिवाळी उलटून थंडीची चाहूल लागली की याच तालुक्यांतील पाण्यावर मध्य आशिया, सायबेरिया आणि तिबेटच्या पठारावरून आलेली बदके, हंस आणि चिखलपक्षी दिसू लागतात. हे सारे पाणी माणसाने अडवलेले, वळवलेले किंवा उपसून आणलेले असते. नीरा डावा कालवा, ब्रिटिश अमदानीतला शिरसुफळचा तलाव, गावोगावचे पाझर तलाव, अलीकडची शेततळी आणि 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा यशवंतसागर हा जलाशय, ही सगळी कामे ऊस, ज्वारी, पिण्याचे पाणी आणि कारखाने यांच्यासाठी झाली. पक्ष्यांचा विचार त्यांत कोणी केला नव्हता. म्हणूनच या मुलखातील पक्षिनिरीक्षण हे एका अर्थी पाण्याच्या व्यवस्थापनाचेच निरीक्षण ठरते, आणि ही गोष्ट जितकी स्पष्टपणे मांडली जावी तितकी ती अद्याप मांडली गेलेली नाही.

सिंचनाचे आणि स्थलांतराचे वेळापत्रक येथे एकाच पंधरवड्यात येऊन मिळते. महाराष्ट्रातील धरणांत 15 ऑक्टोबरला जो साठा असतो तो धरून पुढील हंगामाचे नियोजन होते. त्यानंतर कालवा सल्लागार समितीच्या बैठका होतात आणि रब्बीसाठी किती आवर्तने, म्हणजे कालव्यातून ठरावीक काळाने सोडायच्या पाण्याच्या किती पाळ्या द्यायच्या, हे ठरते. नेमक्या याच दिवसांत उत्तरेकडील जलाशय गोठू लागल्याने तेथील पक्षी दक्षिणेकडे निघालेले असतात. त्यांच्या प्रवासाच्या व्यापक पट्ट्याला शास्त्रज्ञ ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ म्हणतात. तो आर्क्टिक किनाऱ्यापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला असून भारतीय उपखंड हा त्यातील हिवाळी मुक्कामाचा मोठा प्रदेश आहे. पक्षी निघण्याचा काळ दिवसाची लांबी, हवामान आणि शरीरातील चरबीचा साठा यांवर ठरतो. मात्र बारामती-इंदापुरात पोहोचल्यावर त्यांनी कोठे उतरायचे आणि किती दिवस राहायचे, हे मुख्यतः पाण्याची खोली ठरवते.

ही खोलीची गोष्ट थोडी उलगडून पाहण्यासारखी आहे, कारण पाणपक्ष्यांच्या शरीररचनेचा उलगडा तिच्यावाचून होत नाही. बदकांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. थापट्या, तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक आणि बाराही महिने येथे राहणारे हळदी-कुंकू बदक हे उथळ पाण्यात चरणाऱ्या गटातले होत. ते सहसा बुडी मारत नाहीत, तर डोके पाण्यात आणि शेपटी वर करून मान पोहोचेल तेवढ्या खोलीवरचे बी, पाणवनस्पती आणि किडे टिपतात. लालसरी आणि शेंडी बदक हे दुसऱ्या, बुडी मारणाऱ्या गटातले. त्यांचे पाय शरीराच्या बरेच मागे असल्याने त्यांना खोल पाण्यात शिरता येते, पण जमिनीवर चालताना मात्र ते अवघडतात आणि उड्डाणापूर्वी त्यांना पाण्यावरून काही अंतर धावावे लागते. शेकाट्या, तुतारी आणि पाणटिवळा या चिखलपक्ष्यांना तर पाणी नव्हे, पाण्याची कड लागते, कारण त्यांचे अन्न ओल्या गाळातील अळ्या, कृमी आणि छोट्या शिंपल्यांत असते. चोच जितकी लांब तितका गाळ खोलवर तपासता येतो, आणि त्यामुळे एकाच काठावर निरनिराळ्या जातींचे पक्षी फारशी स्पर्धा न करता चरू शकतात.

या हिशेबाने पाहिले तर कार्तिकात उजनीच्या काठी गेलेल्या हौशी निरीक्षकाची निराशा का होते, हे सहज ध्यानात येते. पुण्याकडील धरणे भरून त्यांचा विसर्ग भीमेत आल्यावर उजनी साधारणपणे पावसाळ्याच्या अखेरीस भरते आणि शरद ऋतू सरताना जलाशय काठोकाठ असतो. पाणी थेट बाभळींच्या बुंध्याला आणि शेतांच्या बांधाला टेकलेले असल्याने उथळ कड आणि उघडा गाळ जवळजवळ नसतोच. या काळात पक्षी पाहायचे तर लहान पाण्याकडे वळावे लागते. बारामती तालुक्याच्या दक्षिणेकडील बागायती पट्ट्यात कालव्याच्या पाझराने धरलेल्या दलदली, उसाला पाणी दिलेली शेते आणि नीरा-कऱ्हेचे डोह, तसेच उत्तरेकडील जिरायती, म्हणजे पावसावर अवलंबून असलेल्या पट्ट्यातील शिरसुफळसारखे तलाव, ही शरदाच्या शेवटी फिरण्याची खरी ठिकाणे होत. भिजवलेल्या वाफ्यांत धोबी आणि गायबगळे किडे टिपताना दिसतात, काळे शराटी नांगरटीत चोच खुपसतात, पाणकणसांच्या कडेला जांभळी पाणकोंबडी वावरते. तलावाच्या मध्यावर काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरी टिकली असलेला वारकरी थव्याने तरंगतो आणि टिबुकली बुडी मारून दूर कोठेतरी वर येते.

या दिवसांत बदकांची ओळख पटवणे मात्र सोपे नसते. विणीनंतर बहुतेक जातींचे नर आपली रंगीत पिसे टाकून काही काळ मादीसारखा मळकट पिसारा धारण करतात. पक्षिशास्त्रात या अवस्थेला ‘एक्लिप्स’ असे नाव आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आलेले अनेक नर याच अवस्थेत किंवा तिच्यातून बाहेर पडताना दिसतात आणि पुस्तकातील देखण्या चित्रांशी त्यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी रंगापेक्षा आकारावर भर द्यावा लागतो. थापट्याची पुढे रुंद होत गेलेली चोच, तलवार बदकाची सडपातळ मान आणि टोकदार शेपटी, भुवई बदकाच्या डोळ्यावरील फिकट रेघ, तसेच उडताना पंखावर दिसणारा रंगीत पट्टा या खुणा पिसारा मळकट असतानाही साथ देतात. आठपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण, पाठीवर सूर्य घेऊन उभे राहण्याची सवय आणि एकाच तलावावर पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी, एवढ्या भांडवलावर हा अभ्यास उत्तम होतो.

मार्गशीर्ष-पौषापासून उजनीचे पाणी कालव्यांतून आणि नदीतून खाली जाऊ लागते आणि भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या गावांभोवतीचा देखावा पालटतो. उतरत्या पाण्याने मोकळी झालेली जमीन शेतकरी गाळपेर म्हणून पेरतात. तिच्या पुढच्या ओल्या पट्ट्यात कोवळे गवत उगवते आणि त्याहीपुढे उघड्या गाळाची रुंद कड तयार होते. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, या गवतावर आणि आसपासच्या रब्बी पिकांवर चरतो. मंगोलिया, तिबेट आणि लडाखच्या उंच सरोवरांकाठी वीण करणारा हा पक्षी हिमालय ओलांडून येतो. काही पट्टकादंबांची उड्डाणे 7,000 मीटरहून अधिक उंचीवर नोंदली गेली आहेत. तेथील विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरून ठेवणारे हिमोग्लोबिन आणि मोठी फुप्फुसे यांमुळे त्याला हे साधते.

भिगवणची कीर्ती ज्याच्यामुळे पसरली तो रोहित पक्षी, अर्थात मोठा फ्लेमिंगो, तर या उथळ पाण्याशी पुरता बांधलेला आहे. तो चोच उलटी करून पाण्यात धरतो, जिभेच्या हालचालीने पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडांवरील बारीक दात्यांतून चाळणीसारखे गाळून सूक्ष्म शेवाळ आणि कवचधारी जीव मागे ठेवतो. त्याच्या पिसांतील गुलाबी छटा याच अन्नातील कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांतून येते. भारतात त्याची मोठी वीण कच्छच्या रणात होते. उजनीवर तो किती संख्येने येईल आणि किती आठवडे थांबेल, हे गाळाची किती कड, किती काळ, किती उथळ पाण्याखाली राहते यावर फार अवलंबून असते. कुंभारगाव परिसरातील मच्छीमारांनी गेल्या काही दशकांत हे गणित अनुभवाने आत्मसात केले असून, मासेमारीच्या जोडीने नावेतून पक्षी दाखवण्याचा व्यवसाय त्यांनी उभा केला आहे. कोणत्या आठवड्यात पाणी कोणत्या खुणेवर असेल आणि तेव्हा कोणता थवा कोणत्या उंचवट्याजवळ सापडेल, हे सांगणारे त्यांचे ज्ञान कोणत्याही लिखित नोंदीइतकेच आदराने जपले पाहिजे.

स्थलांतरितांच्या कौतुकात स्थानिक पक्षी झाकोळले जाऊ नयेत. चित्रबलाक हा पांढऱ्या अंगाचा, पिवळ्या चोचीचा आणि शेपटीजवळ गुलाबी छटा असलेला मोठा करकोचा भिगवणजवळच्या भादलवाडी तलावातील बाभळींवर वसाहत करून वीण करतो, आणि इंदापूर शहरात तर तहसील कचेरीच्या आवारातील चिंचेच्या झाडांवर त्याची घरटी असतात. हा पक्षी डोळ्यांपेक्षा स्पर्शावर विसंबून मासे धरतो. अर्धवट उघडी चोच पाण्यात फिरवताना मासा लागला की ती झटकन मिटते. त्यामुळे त्याला मासे दाटलेले उथळ पाणी आणि तेथून पिलांपर्यंत फेऱ्या मारता येतील इतक्या अंतरावरचे जुने, मजबूत वृक्ष अशा दोन्ही गोष्टी लागतात. गजबजलेल्या सरकारी आवारात ही वसाहत टिकून राहिली, यात तेथील माणसांच्या सोशिकतेचा मोठा वाटा आहे.

पाण्याइतकेच महत्त्व या मुलखातील माळरानाला आहे. बारामती-भिगवण रस्त्यावरील औद्योगिक वसाहत मूळच्या हलक्या मुरमाड जमिनीवर उभी आहे आणि तिच्या आजूबाजूला, रिकाम्या भूखंडांवर तसेच पुढच्या जिरायती गावांत, गवताळ माळाचे तुकडे अजून शिल्लक आहेत. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये चिंकारा हरणासाठी घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा गवताळ प्रदेशही तसाच मोलाचा आहे. शरद सरताना अशा माळांवर मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून भोवत्या येतात. हे सडपातळ शिकारी पक्षी जमिनीलगत संथ घिरट्या घालत टोळ आणि छोटे प्राणी टिपतात आणि रात्री गवतातच, जमिनीवर, समूहाने मुक्काम करतात. त्यामुळे माळ नांगरला, खोदला किंवा त्यावर दाट झाडे लावली तर त्यांचा निवाराच जातो. ज्वारीच्या शेतांवर उतरणाऱ्या भोरड्यांशी, म्हणजे गुलाबी मैनांशी, येथील शेतकऱ्याचे नाते जुने आहे. हुरड्याच्या दिवसांत गोफणीने हाकलले जाणारे हे पक्षी टोळ आणि अळ्याही मोठ्या प्रमाणात खातात, आणि संध्याकाळी त्यांचे थवे आभाळात ज्या एकसंध कवायती करतात त्या पाहण्यासाठी कोणत्याही तिकिटाची गरज नसते.

इतके सारे वैभव असूनही कायद्याच्या दृष्टीने या पाण्याचे स्थान डळमळीत आहे. 1971 मध्ये इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पाणथळ जागेची व्याख्या करताना नैसर्गिक आणि मानवनिर्मित असा भेद केला नाही. भारताच्या 2017 च्या पाणथळ नियमांनी मात्र सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलसाठे व्याख्येतून वगळले. महाराष्ट्राचा अनुभव या वर्गवारीच्या विरुद्ध साक्ष देतो. राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरलेले नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामुळेच निर्माण झाले, आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. पक्षी पाण्याचा हेतू विचारत नाहीत. त्यांना खोली, अन्न आणि निर्धोकपणा हवा असतो.

याच तीन गोष्टींना आज धोका आहे. वरच्या शहरांतील सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत येते आणि त्यातील नत्र व स्फुरद यांवर शेवाळ आणि जलपर्णी माजते. उजनीच्या सुमारे 117 अब्ज घनफूट साठ्यापैकी 63 अब्ज घनफुटांहून अधिक साठा ‘मृत’, म्हणजे नेहमीच्या नियोजनात न धरला जाणारा आहे. टंचाईच्या वर्षी तोही वापरला जातो आणि पाणी भराभर उतरते, तेव्हा गाळाची कड ओली राहण्याऐवजी वाळून टणक होते व चिखलपक्ष्यांची चोच तीत शिरत नाही. थव्याच्या अगदी जवळ नेलेली नाव पक्ष्यांना पुन्हा पुन्हा उडवते आणि लांबच्या परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी त्यातच खर्ची पडते.

यावरचे उपाय दुष्काळी मुलखाच्या तोंडचे पाणी पळवणारे मुळीच नाहीत. पाणी किती सोडायचे हा शेतीचा आणि पिण्याचा प्रश्न आहे आणि तो तसाच राहावा. परंतु ते कोणत्या वेगाने सोडायचे, लहान तलावांत तळाशी थोडे पाणी राखायचे की नाही आणि गाळपेरीच्या पुढे काही पट्टा मोकळा ठेवायचा की नाही, या गोष्टींत पक्ष्यांचा विचार सामावून घेता येतो. त्यासाठी पुरावा लागेल, आणि तो गोळा करण्याचे काम हौशी निरीक्षकांचे आहे. मारुती चितमपल्ली यांच्या 5 नोव्हेंबर या जन्मदिवसापासून डॉ. सालिम अली यांच्या 12 नोव्हेंबर या जन्मदिवसापर्यंत राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो आणि जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. या दोन्ही प्रसंगी जातीचे नाव आणि संख्या यांच्या शेजारी त्या दिवशीची पाण्याची पातळी, गाळाच्या कडेची रुंदी आणि कालव्याचे आवर्तन चालू होते की बंद, एवढी माहिती लिहिली, तर काही वर्षांत बारामती-इंदापूरच्या शाळा, महाविद्यालये आणि पक्षिमित्रांकडे अशी नोंदवही तयार होईल, जी घेऊन कालवा सल्लागार समितीपुढे ठामपणे उभे राहता येईल. ज्या बैठकीत उसाची, ज्वारीची आणि कारखान्यांची गरज घनफुटांत मांडली जाते, त्याच बैठकीत पक्ष्यांची गरजही मोजून मांडली गेली पाहिजे.