हळदीत हँडीकॅमचा फोटो

पिंपळे गुरवच्या एखाद्या जुन्या घरात हळदीची मिनी-डीव्ही टेप अजून सापडते, आणि तिच्यातला फोटो पाहिला की नवरीच्या गालावर हळदीपेक्षा दाणेच जास्त. दोष शूटिंगवाल्या काकांचा नव्हे. पाल (PAL) व्हिडिओ पद्धतीच्या चौकटीत 720 × 576 ठिपके, म्हणजे जेमतेम चार लाख. त्यात स्वस्त हँडीकॅमचा सेन्सर इवलासा. उजेड कमी पडला की कॅमेरा गेन वाढवतो, मग चित्राबरोबर कचराही फुगतो. अंधारात दिसावं म्हणून नाइटशॉट लावावा, तर अख्खं वऱ्हाड हिरवंगार! अशा कॅमेऱ्यानं फोटो काढायचा, तर खरी युक्ती साधी आहे. झूम करू नये, कारण झूम केल्यावर बहुतेक भिंगं उजेड कमी घेतात. आपणच दोन पावलं पुढं व्हावं. कॅमेरा खुर्चीच्या पाठीवर टेकवावा, सोय असेल तर शटर 1/25 वर आणावं आणि आत्याबाईंना ‘हलू नका’ म्हणावं (हेच सगळ्यांत अवघड). पवना नदीच्या घाटावर गणपती विसर्जनाला मात्र कोण थांबतंय! तिथं शूटिंग चालू ठेवावं, आरतीच्या ताटानं चेहरा उजळला ती चौकट घरी निवडावी. पण इंटरलेसमुळं हलत्या हाताला कंगव्यासारखे दाते फुटतात, म्हणून फोटो डीइंटरलेस करूनच प्रिंटला द्यावा, तोही पोस्टकार्डाहून मोठा नको.